वाघळाचे उष्टे

मराठीच्या प्राध्यापकाने वटवाघळांवर लेख लिहावा, याचे वाचकांना नवल वाटेल. ज्याची वीस वर्षे संतवाङ्मय आणि व्याकरण शिकवण्यात गेली, त्याने रोगराईच्या भानगडीत पडावेच कशाला? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर एवढेच की, या विषयात मी आपखुशीने शिरलो नाही. २०२० सालच्या उन्हाळ्यात मी गावासाठी एक कागद लिहिला आणि त्या कागदानेच मला यात ओढले. आयुष्यात पुष्कळ लिहिले. त्यातले फारसे कोणी वाचले नाही. हा एकच कागद असा की, जो गावाने शब्दन् शब्द वाचला आणि तंतोतंत पाळला. आणि नेमकी त्याचीच मला आजवर लाज वाटत आली आहे.

आमचे गाव बीड जिल्ह्यात, सिंदफणेच्या काठी. गावाबाहेर नदीकडे जाणाऱ्या वाटेवर चिंचेची जुनी झाडे आहेत. त्यांना 'वाघळाच्या चिंचा' असेच नाव पडले आहे. दिवसा पाहावे तर काळ्या छत्र्या मिटून टांगून ठेवाव्यात तशी शेकडो वाघळे फांद्यांना उलटी लोंबकळत असतात. त्यांची कलकल दुपारभर चालते. तिन्हीसांज झाली की एकेक सुटते आणि बघता बघता आभाळात त्यांची रांग लागते. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत चार फूट सहज भरावे, एवढे ते जनावर. माझ्या लहानपणी घरात घड्याळ नव्हते. वाघळांची रांग दिसली की आई म्हणे, "वाघळं निघाली, दिवा लाव." आमच्या घरचा दिवा कितीतरी वर्षे वाघळांच्या वेळेवर लागत आला.

आमच्याकडे 'वटवाघूळ' हा शब्द पुस्तकातला. बोलण्यात दोन वेगळे शब्द आहेत. झाडाला लोंबकळणारे, फळे खाणारे मोठे ते वाघूळ. आणि पडक्या गढीत, बारवेत, देवळाच्या गाभाऱ्यात भिरभिरणारी लहान ती पाकोळी. पाकोळी फळाला शिवत नाही, ती किडे खाते. हा भेद आमच्या आजोबा-पणजोबांनी जीवशास्त्र न शिकता केला होता. त्याचे महत्त्व मला फार उशिरा कळले.

दुसरी एक गोष्ट लहानपणची. आमच्या परसात पेरूचे झाड होते. सकाळी उठून आम्ही भावंडे झाडाखाली धावत असू, ती पाखराने चोचलेला पेरू शोधायला. चोचलेला पेरू गोड असतो, ही सर्व मुलांची ठाम समजूत. आई मोठी सोवळ्या-ओवळ्याची. धाकट्या भावाने तोंड लावलेल्या पेल्यातले पाणी ती मला पिऊ देत नसे. 'उष्टं आहे ते' म्हणून पेला घासायला टाकी. पण पेरूवर दातांच्या खुणा दिसल्या तरी हसून म्हणे, "खा रे, पाखराचं उष्टं लागत नसतं." रात्रीतून त्या पेरूला कोणी तोंड लावले, पोपटाने की वाघळाने, हे विचारायचे कोणाच्याही मनात आले नाही. वाचकहो, या 'उष्टे' शब्दापाशी मी पुन्हा येणार आहे. तो ध्यानात असू द्यावा.

* * *

२०२० च्या मार्चमध्ये कॉलेज बंद झाले आणि टाळेबंदी लागण्याच्या आधीच मी बिऱ्हाडासह गावी आलो. पारावर कोणी बसेना, देवळाला कुलूप, हाती काम नाही. माणसांचे सारे जगणे त्या हातातल्या भ्रमणध्वनीत येऊन बसले. कोरोनाचा विषाणू वटवाघळातून आला, अशी बोलवा तर घरोघर होतीच. एप्रिलच्या मध्यावर बातमी झळकली की, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना भारतातल्याही दोन जातींच्या वटवाघळांत कोरोना जातीचे विषाणू सापडले. नमुने केरळ, तामिळनाडू, पुदुच्चेरी आणि हिमाचल प्रदेशातले होते. हे विषाणू साथीच्या विषाणूहून निराळे आहेत आणि त्यांच्यापासून माणसाला रोग होतो असा पुरावा नाही, हेही संशोधकांनी सांगितले होते. पण मी मथळा वाचला. खालचा मजकूर वाचला नाही. विद्यार्थ्यांना 'मूळ संहिता पाहा' असे बजावणाऱ्या माणसाची ही कथा!

सरपंच म्हणाले, "सर, लोकांना समजंल असं काही लिहून द्या." मी लिहिले. 'वटवाघूळ: मृत्यूचा दूत' असे शीर्षक दिले. शैलीला धार यावी म्हणून 'अंधाराचे प्रवासी', 'पंखांवर काळ घेऊन येणारे' अशी विशेषणे योजली. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तो कागद लागला. पोरांनी त्याचे छायाचित्र काढून व्हॉट्सअ‍ॅपवर गावभर फिरवले. मोठा कृतार्थ झालो मी!

त्याच महिन्याच्या उत्तरार्धात आमचे ऊसतोड मजूर परतू लागले. बीड जिल्ह्याचे हे नित्याचे दुःख वाचकांना ठाऊक असेल. दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोचा 'कोयता' मुकादमाच्या उचलीवर कारखान्याकडे जातो आणि उन्हाळ्यात परततो. त्या वर्षी परतलेल्यांना गावात घ्यायला गाव तयार नव्हते. चौदा दिवस बाहेर राहा, असे ठरले. एप्रिलचे ऊन, सावली पाहिजे. गावाबाहेर दाट सावली एकाच ठिकाणी होती. म्हणून सांगलीकडच्या कारखान्यावरून आलेली आठ-दहा कुटुंबे वाघळाच्या चिंचांखाली उतरली.

तिसऱ्या रात्री गावातल्या काही पोरांनी गेल्या दिवाळीचे उरलेले सुतळी बॉम्ब काढले. मृत्यूचा दूत गावातून हाकलायचा होता ना! अकराच्या सुमारास चिंचांखाली एकामागून एक बार झाले. फळांच्या शोधात गेलेली वाघळे परतून आली ती आरडत-ओरडत गावावर घोटाळू लागली. आणि झाडावर जी पिल्ले होती ती फांद्यांची पकड सुटून खाली पडली. फाल्गुन-चैत्र हा वाघळांच्या विणीचा काळ. मादीला वर्षाला एकच पिल्लू होते आणि ते काही आठवडे आईच्या पोटाला बिलगून असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पोरांनाही नव्हते.

सकाळी तिथल्या एका सात वर्षांच्या मुलीला पालाच्या कडेला एक पिल्लू सापडले. तिने ते लुगड्याच्या चिंधीत गुंडाळले, मांडीवर घेतले आणि वाटीतले पाणी पाजायला गेली. ते तिच्या अंगठ्याला चावले.

तिचा बाप दुपारी आमच्या दाराशी आला. आत येईना, अंगणाच्या टोकाला उभा राहून म्हणाला, "सर, पोरांनी तुमचं लिवलेलं वाचून फटाके लावले म्हणं. आमी तर वाचाया गावात नव्हतो. ह्या लेकराला आता काय व्हईल का, तेवढं सांगा."

मला उत्तर येत नव्हते. 'मृत्यूचा दूत' लिहिणाऱ्याला दूत चावल्यावर करायचे काय, हे माहीत नव्हते.

* * *

पोलीस पाटलांची चिठ्ठी घेऊन, मोटारसायकलवर बापलेकीला बसवून मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "जखम धुतली का?"

कोणीच धुतली नव्हती. हळद मात्र भरली होती. बाईंनी मुलीला नळाखाली उभे केले आणि साबणाने, वाहत्या पाण्यात, घड्याळ लावून पंधरा मिनिटे तो अंगठा धुवून घेतला. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आपल्याकडे रेबीज होतो तो मुख्यतः कुत्र्यापासून. वटवाघळापासून माणसाला झाल्याचं भारतात ठामपणे सिद्ध झालेलं नाही. पण अमेरिकेकडे तो वटवाघळांपासून होतो. आणि एकदा रेबीज उमटला की माणूस हाती लागत नाही. लस वेळेवर घेतली तर तो होत नाही. मग शंकेला जागा कशाला ठेवायची?" जखमेभोवती एक सुई आणि दंडावर लस, आज, तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, अशा चार फेऱ्या ठरल्या.

निघताना त्यांनी सगळी हकीकत विचारली. मी माझा कागदही लपवला नाही. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे सर, वाघळं वर होती तोवर काही नव्हतं. तुम्ही त्यांना खाली आणलंत."

त्या अठ्ठावीस दिवसांत मी किती वेळा त्या पालांकडे जाऊन आलो याची मोजदाद नाही. मुलगी खडखडीत होती. पिल्लाचे काय झाले म्हणून मलाच विचारी. ते दुसऱ्या दिवशीच मेले होते आणि बापाने फावड्याने उचलून खोल खड्ड्यात पुरले होते, हे मला सांगवेना. रात्री झोप येत नसे, तेव्हा वाचीत बसे. जे मथळे लिहिण्यापूर्वी वाचायला हवे होते, त्यांखालचा मजकूर आता वाचू लागलो.

वाचता वाचता एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. देश बदलला, वर्ष बदलले, तरी वटवाघळाकडून माणसाकडे रोग जाण्याच्या वाटेवर वारंवार एकच वस्तू पडलेली दिसते. तिला इंग्रजी पुस्तकांत लांबलचक शब्द आहेत. आपल्याकडे तिला 'उष्टे' म्हणतात.

मलेशियाचीच गोष्ट घ्या. १९९८ च्या सप्टेंबरपासून तिथल्या डुकरे पाळणाऱ्या शेतकऱ्यांत मेंदूच्या तापाची साथ सुरू झाली. आधी वाटले, हा डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वर. डासांवर फवारण्या झाल्या. साथ हटेना. १९९९ च्या मार्चमध्ये चुआ काव बिंग या डॉक्टरने विषाणू ओळखला, तो पूर्वी कोणी न पाहिलेला निघाला. ज्या गावच्या रुग्णाकडून तो मिळाला त्या सुंगाई निपाह गावावरून त्याला 'निपाह' नाव पडले. डुकरांच्या गोठ्यांवर फळझाडे होती. वाघळे रात्री फळे खात आणि अर्धवट चावलेली खाली टाकीत. ती डुकरे खात. आणि डुकरांकडून रोग माणसाला. सुमारे २६५ लोकांना तो झाला, १०५ दगावले, आणि दहा लाखांवर डुकरे मारावी लागली. एवढ्या अनर्थाच्या मुळाशी काय, तर उष्टे फळ!

बांगलादेशात डुकरांची गरज पडली नाही. तिथे हिवाळ्यात शिंदीच्या झाडाला छेद देऊन रात्रभर मडक्यात रस धरतात आणि पहाटे ताजा, कच्चाच पितात. रात्रीच्या अंधारात चित्र घेणारे कॅमेरे झाडावर बांधले, तेव्हा दिसले की वाघळे येऊन त्या छेदावरचा रस चाटतात, मडक्याशीही झोंबतात. तोच रस पहाटे माणसाच्या पेल्यात. उपाय मात्र साधा निघाला: छेदावर आणि मडक्यावर बांबूच्या कामट्यांची झडप बांधायची. वाघूळ रसाला पोचत नाही. रस उष्टा होत नाही. हे वाचताना मी दचकलो, कारण शिंदी आम्हाला परकी नाही. निजामी अमलात मराठवाड्यात शिंदीचा मोठा व्यवहार चाले, आणि ओढ्याकाठची शिंदीची झाडे आजही दिसतात. उघड्या मडक्यातली नीरा 'अगदी ताजी' म्हणून पिणारे माझ्याही माहितीत आहेत.

पण उष्ट्याने रोगाची सुरुवात होते. तो पसरतो दुसऱ्या मार्गाने. २००१ साली सिलिगुडीत निपाहची साथ आली. ६६ जणांना झाली, ४५ गेले. बहुतेकांना तो दवाखान्यातच लागला होता: डॉक्टर, परिचारिका, रुग्णाच्या उशाशी बसलेले नातेवाईक. हा निपाह होता हेदेखील काही वर्षांनंतर उमगले. २०१८ च्या मे महिन्यात केरळात कोळिकोड आणि मलप्पुरम जिल्ह्यांत तो आला तेव्हा १७ जण दगावले. त्यात पेरांब्र्याच्या दवाखान्यातली लिनी पुदुश्शेरी ही तरुण परिचारिका होती. रुग्णाची सेवा करताना तिला रोग लागला आणि २१ मे रोजी ती गेली, मागे दोन लहान मुले ठेवून. या रोगावर हा लेख लिहीपर्यंत लस बाजारात नाही की हुकमी औषध नाही. तरी शहाणपण उपयोगी पडते. त्याच केरळात २०२३ साली रोग पुन्हा आला, तेव्हा ओळख लवकर पटली, संपर्कातली माणसे शोधून वेगळी ठेवली. सहा जणांना झाला, दोघे दगावले.

केरळातली आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पहिल्या रुग्णाच्या घरच्या विहिरीत वटवाघळे होती. सगळ्या देशाचे बोट त्यांच्याकडे वळले. ती पकडून भोपाळच्या प्रयोगशाळेत तपासली, तर विषाणू नाही! ती किडे खाणारी निघाली. आमच्या भाषेत, पाकोळ्या. विषाणू पुढे सापडला तो फळे खाणाऱ्या मोठ्या वाघळांत. माझ्या आजोबांनी एवढा भेद एका शब्दात सांगितला असता.

* * *

आता कोणी म्हणेल, मूळच खणून काढा. वाघळेच मारा, झाडेच तोडा. माझा कागद दुसरे काय सांगत होता? याचे उत्तर युगांडातल्या एका खाणीने दिले आहे. किटाका हे तिचे नाव. २००७ साली तिथल्या खाणकामगारांना मारबुर्ग नावाचा भयंकर ताप आला. खाणीतल्या वटवाघळांत त्याचा विषाणू सापडला. खाणवाल्यांनी पुढे तिथली सगळी वटवाघळे मारून टाकली. काही काळाने दुसरीकडची वटवाघळे त्या रिकाम्या जागेत येऊन वसली, आणि २०१२ मध्ये त्याच भागात पुन्हा साथ आली. शास्त्रज्ञांनी नव्या वटवाघळांना तपासले. पूर्वी शंभरात पाच बाधित असत. आता तेरा निघाली. मारल्याने विषाणू अडीच पटींनी वाढला होता! जुनी, रोग अंगावरून काढून सावरलेली जनावरे गेली आणि कोवळी, नवखी गर्दी करून आली. साथीला आणखी काय हवे?

ऑस्ट्रेलियाने दुसरी बाजू दाखवली. तिथे वाघळांपासून घोड्यांना आणि घोड्यांपासून माणसांना होणारा हेंड्रा नावाचा रोग १९९४ साली उघडकीस आला. पुढे पंचवीस वर्षांच्या नोंदी तपासून संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले की, जंगल तुटले आणि हिवाळ्यात फुलोरा मिळेनासा झाला की उपाशी वाघळे वस्तीकडे, घोड्यांच्या कुरणांकडे येतात आणि तेव्हाच रोग उतरतो. ज्या हिवाळ्यात रानात फुलोरा भरपूर आला, त्या हिवाळ्यात वाघळे रानात गेली आणि रोग उतरला नाही. म्हणजे भरल्या पोटाचे, आपल्या झाडावर स्वस्थ टांगलेले वाघूळ हे आपल्याला सर्वांत कमी धोक्याचे.

शिवाय त्याचे आपल्यावर उपकार आहेत, ते वेगळेच. वड, पिंपळ, उंबर, जांभूळ यांच्या बिया ते कोसन् कोस नेऊन टाकते. आपण फक्त खड्डे खणून वृक्षारोपणाची छायाचित्रे काढतो. ते रोज रात्री पेरणी करते. पाकोळ्या रात्रीचे पतंग आणि डास खातात. त्यांतल्या काही पतंगांच्याच अळ्या आमच्या कापसाच्या बोंडात शिरतात. एवढे असून १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळे खाणारी वटवाघळे उंदीर-घुशी आणि कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली, हे फार चांगले झाले.

* * *

माझी खरी परीक्षा २०२१ च्या जूनमध्ये झाली. पुण्याच्या त्याच संस्थेच्या संशोधनाची बातमी आली: २०२० च्या मार्चमध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून पकडलेल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा सापडल्या. या वेळी विषाणू केरळात नव्हता, बंगालात नव्हता. आपल्या महाराष्ट्रात होता. गुहेतल्या फळे खाणाऱ्या जातीच्या अनेक वटवाघळांच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये होती. लहान, किडे खाणाऱ्या एका पाकोळीतही ती आढळली. म्हणजे पाकोळीला डोळे मिटून निर्दोष म्हणायचीही सोय नव्हती. मात्र तोवर महाराष्ट्रात एकाही माणसाला निपाह झाल्याची नोंद नव्हती.

पोरांच्या हातात पुन्हा छायाचित्रे फिरू लागली. चिंचा तोडायचे बोलणे निघाले. पारावर अंतर ठेवून बैठक बसली आणि मला बोलावणे आले. या वेळी मी कागद नेला नाही. आधी मागच्या वर्षीच्या कागदाबद्दल सर्वांसमक्ष माफी मागितली. त्या मुलीचा बाप समोरच बसला होता. मग म्हणालो, "व्हॉट्सअ‍ॅपवरची बातमी म्हणजे दहा जणांच्या तोंडातून आलेलं उष्टं. मी ते खाल्लं आणि तुम्हालाही वाढलं. आता जे शोधून, वाचून आणलंय ते ऐका." आणि मलेशियाच्या फळापासून किटाकाच्या खाणीपर्यंत सारे सांगितले.

एक बागवाला उठला. "सर, ते समदं खरं. पण माझ्या पेरूची नासाडी करत्यात, त्याचं काय?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. फळांवर जाळी टाकावी लागेल, तिला पैसे पडतात. ते पंचायतीकडून थोडे मिळावेत असे ठरले, आणि मिळालेही थोडेच. दुसऱ्याने विचारले, "आन् तरी आजार आलाच तर?" मी सांगितले, ताप येऊन माणूस बरळू लागला, भान हरपू लागले, तर देवऋष्याकडे वेळ घालवू नका, दवाखान्यात न्या, वाघळाशी, उष्ट्या फळाशी संबंध आला असेल तर डॉक्टरला न लाजता सांगा, आणि उशाशी बसणाऱ्याने तोंड बांधावे, हात धुवावेत.

मग नियम ठरू लागले, आणि ते मी ठरवले नाहीत, बायाबापड्यांनीच ठरवले. चोचलेले, दात लागलेले फळ कितीही गोड दिसो, खायचे नाही. जनावरांपुढेही टाकायचे नाही. खाली पडलेले फळ आणलेच तर धुवून, सोलून. उघड्या मडक्यातली शिंदी-नीरा प्यायची नाही. झाकण असेल तरच तिला हात. पडलेल्या वाघळाला उघड्या हाताने शिवायचे नाही; पोरांनी मोठ्या माणसाला हाक मारायची, आणि त्याने लांब काठीने किंवा फावड्याने ते बाजूला करायचे. चावले, ओरखडले तर हळद नको, चुना नको. साबण, पाणी, पंधरा मिनिटे आणि लगेच दवाखाना. सांधेदुखीवर वाघळाचे तेल विकायला येणाऱ्याला वेशीवरूनच परत लावायचे. झाडाखालच्या विहिरीला जाळी. गढीतल्या पाकोळ्यांची विष्ठा कोरडी झाडायची नाही, तिच्या धुळीतली बुरशी फुप्फुसाला बाधते. तोंड बांधून, पाणी मारून मगच काढायची.

माझी आई ओट्याच्या कडेला बसून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे पाखराचंबी उष्टं असतंय म्हण की! आमीच उलटं शिकवलं बाबा तुमाला." सत्तरीतल्या बाईने चारचौघांत असे म्हणणे सोपे नाही. माझी माफी मला त्यापुढे अगदी स्वस्त वाटली.

शेवटी आमचे एक वृद्ध आप्पा बोलले. त्यांच्या आज्यानेही ती वाघळे पाहिली होती. ते म्हणाले, "आजवर झाड त्यांचं व्हतं आन् सावली आपली. आता सावलीबी त्यांचीच म्हणायची. तिथं ना कुणी पाल टाकायचं, ना बैल बांधायचे. लांबून राम राम." सभा तिथेच संपली. इतक्या मोजक्या शब्दांचा ठराव मी उभ्या जन्मात लिहिला नाही. आप्पांनी तो थोडक्यात केला. आणि ऊसतोडीहून परतणाऱ्यांसाठी पुन्हा वेळ आलीच तर शाळेच्या खोल्या उघडायच्या, हेही त्याच दिवशी ठरले. हे बोलणे त्या मुलीच्या बापाने काढले आणि त्याला कोणी नाही म्हटले नाही.

* * *

दिवाळी आली की मला ती रात्र आठवते. तामिळनाडूत अशी काही गावे आहेत की, जी झाडावरच्या वटवाघळांना त्रास होऊ नये म्हणून दिवाळीत फटाकेच उडवीत नाहीत. आमचे गाव एवढे थोर झालेले नाही. फटाके उडतात, पण नदीकडच्या वाटेला, चिंचांच्या बाजूला कोणी नेत नाही. एखाद्या नवख्या पोराने नेलेच तर त्याला अडवायला एक मुलगी असते. आता ती मोठी झाली आहे. गेल्या खेपेला तिने एका पोराला खडसावताना मी ऐकले, "वर हायती तोवर काई करीत न्हाईत. खाली आणू नको."

हे वाक्य तिला कोणी सांगितले, ठाऊक नाही. दवाखान्यात त्या दिवशी ती नळापाशीच उभी होती. तिने ऐकले असावे.

या दिवसांत आमच्या बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळे बाजारात येतात. फराळाच्या ताटाशेजारी एखादे पिकून उकललेले फळ येईलच. वाचकहो, ते पुरवून खा. पण त्याआधी जरा उलटसुलट करून पाहा. त्यावर कोणाचे दात उमटलेले असतील, तर ते ज्याचे आहे त्याचे त्याला असू द्या. तिन्हीसांजेला आभाळातून रांग निघाली की आमच्या घरी आई अजून म्हणते, "वाघळं निघाली, दिवा लाव." आणि मी लावतो.